करमसिंगच्या माशा आणि दिवलीबाईची होळी

करमसिंग पावरा आयुष्यात दोनदा निवृत्त झाला. एकदा रेल्वेतून आणि एकदा मधमाशांतून. रेल्वेने त्याला सुखाने जाऊ दिलं. मुकादमाने हार घातला, स्टेशनमास्तर चार शब्द बोलायला उभे राहिले ते तीनच बोलून बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून करमसिंगच्या जागी दुसरा माणूस रुळाखालची खडी ठोकायला लागला. त्या दिवशी सुरतेची गाडी वेळेवर आली, याचं करमसिंगला आतल्या आत वाईट वाटलं. निदान पाच मिनिटं तरी थांबायला हवी होती.

माशांनी मात्र त्याला सोडलं नाही. माशांचा तसा दोष नव्हता म्हणा. दोष कोणाचा यावर कोरीट गावात दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसून अजून भांडतात.

संवत छपन्नच्या दुष्काळात बापाच्या मागे चालत करमसिंग धडगावच्या डोंगरातून खाली उतरला, तेव्हा तो दहाएक वर्षांचा असेल. एकोणीसशे सालचा सुमार. नंदुरबारवरून लोहमार्ग पुढे सरकत होता आणि मातीकामाला हात हवे होते. बाप टोपली उचलायचा, पोरगं पाणी वाहायचं. रेल्वे सुरू झाली, बाप डोंगरात परत गेला, हा मागे राहिला तो राहिलाच. वयात आल्यावर गँगमन झाला. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन रोज चार मैल रूळ बघत जायचं आणि चार मैल बघत यायचं. रुळाला धरणारी कुठली चावी सैल झाली, कुठला स्लीपर दबला हे त्याला पायाच्या तळव्याला कळायचं, असं त्याचा मुकादम म्हणायचा. मुकादम दुसऱ्याची तारीफ करणारा माणूस नव्हता, तेव्हा हे खरं असावं.

लग्न जमलं ते धडगावच्या भोंगऱ्या बाजारात. होळीच्या आधी डोंगरात जे बाजार भरतात, त्यांत पोरापोरींची गाठ पडते हे जगजाहीर आहे. करमसिंग सुट्टी काढून गेला आणि लाल तोंड घेऊन परत आला. दिवलीबाई सांगायची, आधी गुलाल मी लावला. करमसिंग सांगायचा, मी लावला. त्या बाजारातलं तिसरं कोणी साक्षीला उरलेलं नाही, त्यामुळे हा खटला तसाच पडून आहे.

दिवलीबाईचं माहेर धडगावच्याही पलीकडे तीन डोंगर टाकून. तिथली होळी म्हणजे काय हे खालच्या माणसाला सांगून कळत नाही. गगनाला टेकेल असा बांबू उभा करतात, त्याला पहाटे आग देतात, ढोल असे वाजतात की पोटातलं पाणी हलतं. ज्यांनी नवस बोललेला असतो ती माणसं बुध्या होऊन नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं, अंगभर राख आणि पांढरे ठिपके. बाया चांदी घालून एकमेकींच्या कमरेत हात टाकून गोलात फिरतात. दिवलीबाई लग्नानंतर तीन होळ्या माहेरी नाचली. चौथ्या वर्षी माशा आल्या.

आल्या त्या रुळाखालच्या मोरीतून. दगडांच्या फटीत सातेरी माशांनी पोळी लावली होती, आणि गँगच्या माणसांना त्या डसायच्या. मुकादम म्हणाला, "पेटवा." करमसिंग म्हणाला, "एक रविवार द्या." रविवारी तो अंघोळ करून, गोवरीचा धूर घेऊन मोरीत शिरला. राणी ओंजळीत घेऊन बाहेर आला, तर बाकीच्या तिच्या मागोमाग. घासलेटचे दोन डबे ज्यात येतात तसं लाकडी खोकं त्याने आणून ठेवलं होतं. वर बांबूच्या काड्या आडव्या टाकल्या होत्या, म्हणजे प्रत्येक काडीला एक पोळं लटकेल आणि काडी उचलली की पोळं न मोडता वर येईल. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. डोंगरात त्याचा आजा झाडाच्या ढोलीतला मध काढायचा, पण झाड काही घरी आणता येत नव्हतं.

खोकं डोक्यावर घेऊन तो रेल्वेच्या खोलीवर आला. दिवलीबाई भाकरी थापत होती.

"हे काय?"

"पाहुणे."

"किती दिवस?"

"जमलं तर राहतील."

राहिल्या. दुसऱ्या वर्षी एकाची दोन खोकी झाली, मग चार, मग अकरा. दिवलीबाई त्यांना माझ्या सवती म्हणायची. "जा, तुझ्या अकरा जणी वाट बघतात." करमसिंगने प्रत्येक पेटीला नाव ठेवलं होतं. उगाच डसायची ती मुकादम. भरपूर खाऊन मध न देणारी ती मास्तर. आणि जिच्यातून दिवसभर मोठ्ठा गुणगुणाट यायचा तिचं नाव तापीबाई. खरी तापीबाई म्हणजे कोरीटच्या रूपचंदची आई. तिच्या मळ्यात तिळाच्या दिवसांत करमसिंग पेट्या नेऊन ठेवायचा. त्या बाईला हे नाव कधी कळलं नाही, आणि तुम्ही सांगू नका.

माशांच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. अंघोळ केल्याशिवाय पेटीला हात नाही. घामाचा वास त्यांना खपत नाही, आणि खपत नसलेली गोष्ट त्या तोंडावर सांगतात, असं तो म्हणायचा. तीस वर्षांत त्याला किती वेळा डसल्या असतील? तो म्हणायचा, बायको जितक्या वेळा डसली त्याच्या निम्म्याही नाही. दिवलीबाई आतून म्हणायची, "म्हणून तर त्यांच्यापाशी जातो."

आता घोटाळा असा, की मधमाशा नेमक्या फाल्गुनात फुटतात. कडुनिंबाला मोहर येऊ लागतो, पेटी भरते, नवी राणी तयार होते आणि जुनी राणी अर्धी फौज घेऊन बाहेर पडते. त्या दिवसांत पेटीजवळ माणूस नसला, तर घोसचे घोस उडून जातात. आणि होळी येते तीही फाल्गुनातच. होळीचा महिना हलवता येत नाही, माशांचाही नाही. उरली दिवलीबाई. तिलाच दर वर्षी हलवलं.

"पुढच्या वर्षी नक्की," करमसिंग म्हणायचा.

अगदी मनापासून म्हणायचा, हे लक्षात घ्या. तो खोटारडा नव्हता. होळीच्या आधी आठ दिवस तो गाठोडं बांधायलाही मदत करायचा. मग कुठल्या तरी पेटीतून आवाज बदललेला ऐकू यायचा, आणि तो खोकं उघडून आत बघायचा, आणि दिवलीबाई गाठोडं सोडायला घ्यायची. ती रडली नाही, भांडली नाही. एकटी जा म्हटलं तर म्हणायची, "नवरा मेलेली म्हणतील." कधीमधी शेजारणींना हिशेब सांगायची, "रेल्वे दोनदा नाही म्हणाली. बाकी सगळ्या वेळा सवती."

बेचाळीसच्या पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती खोलीच्या कोपऱ्यात पडून होती, आणि एकविसाव्या दिवशी तिने करमसिंगलाच ओळखलं नाही. "कोण रे तू, मुकादम का?" एवढं मात्र विचारलं. तो बाहेर येऊन पेट्यांपाशी बसला. पेट्यांचा काही उपयोग नव्हता. तेव्हा त्याने होळीला नवस बोलला: ही वाचली तर हिच्या माहेरच्या होळीत बुध्या होईन.

ती वाचली. पाय मात्र अधू झाले, दोन शेतं चालली की दम लागायचा. त्याच साली रेल्वेने हार घातला, खोली सोडावी लागली, आणि करमसिंग बायकोला आणि अकरा पेट्यांना घेऊन कोरीटला रूपचंदच्या मळ्यात राखणीला राहिला. आली होळी. आणि आदल्या आठवड्यात मुकादम नावाची पेटी फुटली, तिच्या मागोमाग मास्तर. करमसिंग तीन दिवस आंब्यावर चढलेलाच होता. खाली उतरला तेव्हा होळी होऊन गेली होती.

त्या वर्षी दिवलीबाई पहिल्यांदा बोलली. "माझं सोड. नवस कोणाला बोललास तेवढं आठव."

हे त्याला लागलं. नवस चुकलेला माणूस डोंगरात तोंड दाखवत नाही. त्यातून श्रावणात तिला पुन्हा बारीक ताप येऊ लागला, आणि करमसिंगची झोप उडाली. त्याला खात्रीच पटली की होळी आठवण करून देते आहे. दिवाळीला त्याने अकराच्या अकरा पेट्या रूपचंदला देऊन टाकल्या. बदल्यात एकच मागितलं: होळीला रूपचंदच्या बैलगाडीने दिवलीबाईला डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडायचं. आणि बायकोपुढे त्याने शब्द दिला, यापुढे पेटीला हात लावणार नाही.

रूपचंदला पेट्या हव्याच होत्या. लढाई चालू होती, साखर माणशी मोजून मिळत होती, आणि रूपचंदसारख्या गुजरांच्या घरी गोडाशिवाय पाहुणा उठत नाही. रूपचंद मन लावून काम करणारा पोरगा. फार मन लावायचा, हीच पंचाईत. दिवसातून चार वेळा पेटी उघडून मध आला का बघायचा, नवी सून भाताचं झाकण काढून बघते तसा. करमसिंग कुंपणापलीकडे बसून हे बघायचा. हात लावायचा नाही असा शब्द होता, बोलायचं नाही असा नव्हता.

"अरे झाक ते."

"आताच उघडं दादा."

"अरे भर दुपारी उघडतात का? काडी तिरकी झाली, पोळं तुटेल. डावीकडे. तुझं डावं कुठलं? ते नव्हे."

करमसिंगची बोली चाळीस वर्षांत पावरी, अहिराणी आणि रेल्वेची हिंदी यांची खिचडी होऊन बसली होती. इथे ती सरळ करून लिहिली आहे, नाहीतर तुम्हीही कुंपणापलीकडेच राहाल. तर तो असा दिवसभर ओरडायचा आणि संध्याकाळी घसा बसवून घरी यायचा. दिवलीबाई म्हणायची, "निवृत्त झालेला माणूस एवढा दमतो?"

माघ संपता संपता त्याने रूपचंदला एक काम तीन तीनदा बजावलं. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबती घरं दिसतील, त्यांत नव्या राण्या वाढतात. ती चिमटीने मोडून टाक, म्हणजे पेटी फुटणार नाही. रूपचंदने मान हलवली. मान हलवणं आणि कबूल होणं या कोरीटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चव्वेचाळीसची होळी आली. बुध्याचा नेम पाच दिवसांचा. अंगाला राख फासायची आणि अंघोळ करायची नाही. पायात वहाण नाही, खाटेवर बसायचं नाही, स्वतःच्या हाताने शिजवून एक वेळ खायचं, आणि बायकोच काय, कुठल्याही बाईला शिवायचं नाही. वाटेतच दोन दिवस जाणार म्हणून करमसिंगने कोरीटलाच नेम धरला. निघायच्या सकाळी तो दोन दिवसांचा पारोसा, राखेने पांढरा झालेला. गाठोड्यात भोपळे, घुंगरं आणि मोरपिसांचा मुकुट. दिवलीबाई वाळे घालून, केस विंचरून दारात बसलेली. तिने तीस वर्षांपूर्वीची चोळी काढली होती आणि ती अंगाला झाली होती, याचा तिला एवढा आनंद झाला होता की ती कोणाला न सांगता गप्प बसली होती.

गाडी येईना. उन्हं वर आली. शेवटी कुंपणापाशी रूपचंद येऊन उभा राहिला.

"गाडी?" करमसिंगने विचारलं.

"शे ना."

"मग जुंप की."

"जुंपाले जागा नही दादा." तो खाली बघत म्हणाला, "जूवर माश्या बठन्यात."

करमसिंगला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याने डोळे मिटले. "कुठली पेटी?"

"गडबडवाली."

तापीबाई. "आणि ती राणीची घरं मोडलीस ना तू?"

रूपचंदने कानाला हात लावला. "त्यासमा जीव शे ना दादा. त्यासले मारू कसा? माले पाप लागी."

करमसिंग उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गुजराच्या पोराला शिव्या द्याव्यात तर नेम चालू होता. तो भिंतीलाच काहीतरी पुटपुटला. दिवलीबाईला ऐकू आलं, पण ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

"कधीपासून बसल्यात?"

"कालदिनपासून."

"कालच का नाही बोललास?"

"मी सांगं, उडी जातीन."

उडून गेल्या नव्हत्या. बरं, गावात दुसरी गाडी मिळेल म्हणावं, तर लाल मिरचीचे दिवस. कोरीटच्या झाडून सगळ्या गाड्या माल घेऊन नंदुरबारच्या बाजारात. रूपचंदने ही एकच राखून ठेवली होती, तेवढा तो शब्दाचा पक्का. करमसिंग वाड्याकडे निघाला, दिवलीबाई हळूहळू त्याच्या मागे. गल्लीच्या तोंडाशी येताच दोघांना ठसका लागला. मग शेजारचं पोरगं खोकलं, मग कुत्रं शिंकलं. तापीबाईने, म्हणजे खऱ्या तापीबाईने, गाडीच्या जूखाली निखारे ठेवून त्यावर ओंजळभर सुक्या मिरच्या टाकल्या होत्या.

"माय, हे काय केलंत?"

तापीबाई पदराने नाक दाबून उभी होती. डोळ्यांतून पाणी, पण आवाज ठणठणीत. "मिरचीनी धुरी दिनी ते भूत बी पळस. ह्या ते माश्या शेतस."

"मग पळाल्या का?"

"थांब ना, पळतीन."

पळत नव्हत्या. जूला भोपळ्याएवढा काळा घोस लटकला होता आणि त्याचा आवाज बदलला होता. करमसिंगला तो आवाज ओळखीचा होता. सुखाने फुटलेल्या माशा पोटभर मध पिऊन निघतात, तेव्हा त्या डसत नाहीत, ओंजळीत घ्याव्यात तशा येतात. या रात्रभर उपाशी लटकलेल्या होत्या आणि सकाळी त्यांना मिरची पाजली होती.

त्याने निखारे विझवले आणि उभा राहिला. दुपार टळेपर्यंत थांबावं, तर त्या शांत होतील, पण मग आज पल्ला गाठता येणार नाही आणि होळी चुकणार. चालत जावं, तर दिवलीबाई तापी नदीपर्यंतही पोचणार नाही. अंघोळ करून घ्यावी, तर हा घोस निम्म्या घटकेत पेटीत जाईल, पण नेम मोडला, नवस बुडाला. आणि पारोशाने, राखेच्या वासाने हात घालावा तर काय होईल हे जगात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं सांभाळलेलं शहाणपण नेमक्या याच सकाळी त्याच्या उपयोगाचं नव्हतं. त्याला इतका संताप आला, की तो कोणावर काढावा हेच ठरेना. रूपचंदवर काढावा तर त्याने जीव वाचवले होते. तापीबाईवर काढावा तर ती मदत करत होती. माशांवर तर काढताच येत नव्हता.

दिवलीबाई सगळं बघत होती. ती म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी नक्की."

त्याच्याच आवाजात म्हणाली. शब्दही त्याचेच, हेलही त्याचाच, 'नक्की'वर जरा जोर देऊन. रूपचंदला हसू आलं आणि त्याने ते ठसक्यात लपवलं.

करमसिंगने वळून तिच्याकडे पाहिलं. "खोकं आण रे," तो रूपचंदला म्हणाला.

"दादा, अंघोळीना पाणी काढू?"

"खोकं आण म्हटलं ना."

पुढचं कोरीटच्या लोकांनी माळवदावर चढून पाहिलं. करमसिंगने खोकं जूखाली टेकवलं आणि उघडा हात घोसात घातला, सावकाश, पिठात घालावा तसा. पहिल्या वीस श्वासांत काही झालं नाही. मग त्या उठल्या. लोक सांगतात, त्याचं पांढरं तोंड बघता बघता काळं झालं. तो पळाला नाही, हात झटकला नाही, फक्त मान खाली घालून बोटांनी राणी शोधत राहिला. मधेच म्हणाला, "थांब बाई, थांब, तुझंच काम करतोय." तापीबाईला वाटलं तिला म्हणतोय. ती म्हणाली, "मी कोठे काय करस?" राणी सापडली, खोक्यात गेली, आणि मग बाकीच्या धारेने आत उतरायला लागल्या. शेवटची झुंड आत गेल्यावर त्याने झाकण टाकलं आणि तिथेच जमिनीवर बसला. खाटेवर बसायचं नव्हतं.

रूपचंद जवळ गेला आणि मागे सरला. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन पुऱ्या फुगल्या होत्या. नाक कुठे संपतं आणि ओठ कुठे सुरू होतो ते ठरवणं कठीण होतं.

"जुंप," त्या तोंडातून आवाज आला.

गाडी निघाली. प्रकाशाला तापी उतरली, शहादा मागे पडलं. रूपचंद दर कोसाला विचारायचा, "दादा, दुखस का?" पाचव्या कोसाला करमसिंग म्हणाला, "तुझ्या प्रश्नाने दुखतं." मग तो गप्प झाला, पण अर्ध्या कोसाने त्याने दिवलीबाईला हळूच विचारलं, "मावशी, दादाले दुखस का?"

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला गाडी परत फिरली. वर पायवाट. दिवलीबाईचा भाऊ दलसिंग तट्टू घेऊन बहिणीला न्यायला आला होता. त्याने मेहुण्याला एकदा पुढून पाहिलं, एकदा बाजूने.

"पाहुणे, हे तोंड कोणाचं आणलंत?"

"उसनं आहे. होळीनंतर परत करायचंय."

चढ सुरू झाला आणि नवी पंचाईत उभी राहिली. करमसिंगला काही दिसत नव्हतं. दलसिंगच्या हातात तट्टूचा लगाम, आणि बायकोला शिवायचं नाही. तेव्हा दिवलीबाईने तट्टूवर बसूनच एक काठी मागे धरली, आणि करमसिंगने तिचं दुसरं टोक पकडलं. धडगावपर्यंत आणि पुढचे तीन डोंगर तो असाच चालला. "दगड," ती वरून सांगायची. "ओढा." "फांदी." कधी कधी फांदी नसतानाही फांदी म्हणायची, आणि तो वाकायचा. दलसिंगने हे पाहिलं होतं. तो पुढे तोंड करून चालत राहिला.

धडगावला त्या दिवशी भोंगऱ्या बाजार होता. ढोलांचा, फुंकून वाजवायच्या पावरीचा, पोरींच्या हसण्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता. ज्या बाजारात गुलालाचा तो जुना खटला सुरू झाला होता, त्यात करमसिंग तीस वर्षांनी उभा होता आणि त्याला गुळाच्या जिलबीचा वास सोडून काही मिळत नव्हतं. "आपली ती गुलालाची चिंच आहे का अजून?" त्याने विचारलं. "आहे." "खाली कोण आहे?" "दोघं आहेत." "काय करतात?" दिवलीबाई म्हणाली, "तुला काय करायचंय, नेम चालू आहे तुझा."

तिसऱ्या दिवशी पहाटे होळी पेटली. करमसिंग बुध्या झाला. मुकुट बांधला, भोपळे बांधले, नवे ठिपके कोणी काढायला गेलं तर तोंडावर सपाट जागाच सापडेना. लोक म्हणाले, सोंग फार जबरदस्त आहे. एका म्हाताऱ्याने तर हात लावून बघितला आणि करमसिंगच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यालाही लोकांनी दाद दिली. तो नाचला. दलसिंगच्या घुंगरांच्या मागे मागे, आवाजावरून पाय टाकत, उन्हं अंगावर येईपर्यंत नाचला. बांबूला आग लागली तेव्हा धग तोंडावर आली आणि डसल्या जागा पुन्हा एकदा पहिल्यापासून दुखल्या. होळीचं तेवढंच दर्शन त्याला झालं. नवस फिटला. ज्या होळीसाठी सवती सोडल्या, शब्द दिला, तोंड दिलं, ती होळी त्याच्यापासून चार हातांवर जळून गेली आणि त्याने तिची एक ठिणगी पाहिली नाही. तो दगडावर बसून राहिला. कोणी दारू पुढे केली, घेतली नाही. कोणी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "माझ्यासारखा गाढव डोंगरात दुसरा नाही." कोणी ते खोडून काढलं नाही, याचाही त्याला राग आला.

दुपारी नेम सुटला. अंघोळ झाली. दिवलीबाईने त्याला भावाच्या अंगणात बसवलं, हनुवटी हातात धरली, आणि भुवयांत, कानामागे रुतून राहिलेले काटे नखाने काढायला बसली. पाच दिवसांनी तिचा हात लागत होता. तिच्या हाताला अजून गुलालाचा वास होता. ती रात्रभर, पहाटभर नाचली होती. अधू पायांनी कशी नाचली हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिची मोठी बहीण नानीबाई तिच्या कमरेत हात घालून होती, एवढंच ती सांगायची.

"सांग," करमसिंग म्हणाला.

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यापासून."

ती सांगायला लागली. बांबू किती उंच होता, वरून कोणत्या बाजूने पेटला, कोणत्या बाईने कोणाची साखळी घातली होती आणि ती तिची नव्हतीच, दलसिंग नाचताना कसा दोनदा पडला आणि दोनदा उठून नाचणंच होतं असं दाखवलं. एकेक काटा काढायची आणि एकेक गोष्ट सांगायची. तो मध्ये मध्ये अडवायचा.

"बांबू कुठे पडला?"

"उगवतीला."

"उगवतीला कसा पडेल? वारा तर माझ्या डाव्या गालावर होता."

"उगवतीलाच पडला."

"अगं, वारा मावळतीला वाहत होता. बांबू मावळतीलाच पडणार. मी सांगतो तुला."

दिवलीबाईने कानामागचा खोल रुतलेला काटा जरा जास्तच जोराने उपटला. "बघितलं कोणी? तू का मी?"

करमसिंगने दुसरा कान पुढे केला.

आठ दिवसांनी ती दोघं कोरीटला परतली, तोवर त्याचे डोळे उघडले होते. रूपचंद कुंपणापाशीच उभा होता, पुन्हा खाली बघत. जूखाली भरलेलं ते नवं खोकं रिकामं झालं होतं. मिरचीचा धूर खाल्लेल्या अंगणात त्या राहिल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी सगळ्याच्या सगळ्या उडून गेल्या. म्हणजे ते सगळे डंख तोंडावर झेलून करमसिंगने फक्त जू मोकळं केलं होतं. तो कुंपणापलीकडे जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "अरे झाक ते."

पुढे चार वर्षं तो जगला. दर फाल्गुनात ओट्यावर माणसं जमली की त्याला होळीचं विचारायची, आणि तो सांगायचा. बांबू किती उंच होता, दलसिंग कसा पडला, कोणाची साखळी कोणी घातली होती, सगळं. इतकं रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याच्या तोंडावर धग यावी. दिवलीबाई आत चुलीपाशी असायची. बांबूची गोष्ट आली की तिचं उलथणं थांबायचं.

"आणि बांबू पडला," करमसिंग म्हणायचा, मग जरा थांबायचा, आतल्या बाजूला कान द्यायचा, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "उगवतीला."